पिकअपचे वीजपुराण



पाककृती, प्रवासवर्णने आणि चारोळ्या यांच्या मधोमध ट्रकच्या वायरिंगवरचा लेख पाहून पान उलटण्याआधी जरा थांबा. मंडळाच्या २०२४च्या सर्वसाधारण सभेत खजिनदारांनी हिशेब वाचून दाखवला, तेव्हा सर्वांत जास्त हात वर झाले ते 'वाहन दुरुस्ती' या एका ओळीवर. "आम्ही अन्नदानासाठी पैसे देतो, ते बॅटऱ्यांवर का खर्च होतात?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे सविस्तर उत्तर लिहून काढा, असे कार्यकारिणीने आम्हा तिघांना सांगितले. आम्ही तिघेही पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पदव्या इंजिनिअरिंगच्या (त्यातली एकही ऑटोमोबाइलची नाही!), आणि शनिवारी ट्रक चालवायची पाळी बहुतेक वेळा आमच्यावर येते. एवढीच आमची पात्रता.

नवीन सभासदांसाठी थोडी ओळख. मंडळाकडे २००९ सालचा एक पिकअप आहे. एका सभासदाने कायमचे भारतात परतताना, २०१९ मध्ये, तो मंडळाला देऊन टाकला. दर शनिवारी सकाळी हा ट्रक किराणा दुकानांतून उरलेला भाजीपाला, ब्रेड, दूध गोळा करतो आणि फूड पँट्रीला पोचवतो. परत येताना आपल्यातल्या ज्या आजी-आजोबांना इथे गाडी चालवता येत नाही, त्यांच्या दारात पिशव्या ठेवून येतो. गणपतीत आणि दिवाळीत त्याच्यामागे ट्रेलर लागतो आणि मखरापासून मोठ्या पातेल्यांपर्यंत सगळे हॉलवर जाते. दुकानवाले ठरल्या वेळेपर्यंत वाट बघतात. आपण गेलो नाही तर ते दूध सरळ कचऱ्यात जाते. म्हणजे ट्रक बंद पडला की नुसती आमची पंचाईत होत नाही, पँट्रीच्या रांगेतल्या माणसांचीही होते.

जानेवारी २०२४ पासून शनिवारी सकाळी ट्रक सेल्फच घेईना. एका गॅरेजने बॅटरी बदलली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग अल्टरनेटर बदलला. मार्चमध्ये तिसऱ्यांदा गाडी टो करून न्यावी लागली, तेव्हा सांगण्यात आले की पूर्ण वायरिंग हार्नेस बदलावे लागेल. कागदावर जो आकडा आला तो ट्रकच्या किमतीपेक्षा मोठा होता. ट्रक विकून टाकावा असा ठराव जवळजवळ झालाच होता. आम्ही दोन शनिवार मागून घेतले. त्या दोन शनिवारांत काय केले, कशामुळे केले, आणि तेच तुम्हाला तुमच्या गाडीवर कसे करता येईल, ते पुढे लिहितो.

आधी हत्यारे. वीस-पंचवीस डॉलरचा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लँप, दहा मिलिमीटरचा पाना, तारेचा ब्रश आणि टॉर्च. बस्स. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून खिशात ठेवायचे. बॅटरीच्या प्लसला लागलेला पाना चुकून बॉडीला टेकला आणि मध्ये तुमची अंगठी असली, तर ती क्षणात लालबुंद होते. बॅटरी सोडवताना नेहमी मायनस आधी काढायची आणि जोडताना मायनस शेवटी, याचे कारणही हेच. मायनस निघालेली असली की प्लसवर चालणारा पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही.

आता बॅटरी. बारा व्होल्टची म्हणतात त्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ बसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. पाव व्होल्टाच्या फरकाकडे दुर्लक्ष करायची आपल्याला सवय असते, पण इथे ०.२ व्होल्ट म्हणजे पाव बॅटरी! इंजिन चालू झाल्यावर हाच आकडा साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान जायला हवा. तसा गेला तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. (अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एकदा कमी दिसले म्हणून लगेच घाबरू नका.) आपल्या ट्रकवर गॅरेजमधून आल्याच्या दुसऱ्या दिवशी बसलेल्या बॅटरीवर १२.६ आणि इंजिन चालू असताना १४.२ दिसत होते. म्हणजे बदललेल्या दोन्ही वस्तू ठणठणीत होत्या आणि ट्रकचा आजार तिसरीकडेच होता.

मल्टिमीटर घेऊन बसणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते. मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणजे वीज पोचते आहे, असे वाटते. पण वीज पोचणे वेगळे आणि पुरेशी वीज वाहणे वेगळे. गावाकडच्या घराची गच्चीवरची टाकी आठवा. पाइपात क्षारांचा थर बसून जेमतेम काडीएवढी जागा उरली असली, तरी नळ बंद असताना नळापाशी पाण्याचा दाब पूर्ण असतो. नळ सोडला की मात्र नुसती धार ठिबकते. दाब मोजायचा तर नळ सोडून मोजायला हवा. गाडीतही तसेच. ज्या तारेची शंका आहे तिच्यातून करंट वाहत असतानाच तिच्या दोन टोकांमध्ये मीटर लावायचा. मधे जितके व्होल्ट दिसतील तितके त्या तारेने वाटेत खाल्ले. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात, आणि पूर्ण लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या.

शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम (गेऑर्ग ओहमने तो १८२७ मध्ये प्रसिद्ध केला) इथे कामाला येतो. स्टार्टर मोटर इंजिन फिरवताना सहज दोनशे अँपिअर ओढते. वाटेत कुठे एक शतांश ओहमचा, म्हणजे ०.०१ ओहमचा रोध असला तर दोनशे गुणिले ०.०१, म्हणजे दोन व्होल्ट तिथेच गेले! आणि हा ०.०१ ओहम साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसतच नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. शंभर बारीक तारांच्या केबलमधली एकच तार शाबूत उरली असली तरी मीटर बीप करून "ठीक आहे" म्हणतो. तो आपल्या जागी खरे बोलतो. त्याला दोनशे अँपिअरबद्दल कुणी विचारलेलेच नसते.

तर आम्ही ट्रकचा फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवला (म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही), गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि एकाने पाच-पाच सेकंद चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर धरायचा, तिसऱ्याने आकडे लिहायचे. इंजिन रडत रडत फिरत होते, जसे बॅटरी उतरल्यावर फिरते तसे. पण त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांवर ११.६ व्होल्ट होते. हा आकडा फार बोलका आहे. बॅटरी अशक्त असती तर सेल्फ मारताना ती नऊ-साडेनऊच्याही खाली कोसळली असती. (उबदार हवेत ९.६ ही साधारण धोक्याची रेघ मानतात.) बॅटरी तगडी आणि मोटर उपाशी, म्हणजे मधल्या वाटेत कुणीतरी खातो आहे.

वाटा दोनच. प्लस खांबापासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत मोजले: ०.३ व्होल्ट. ठीक, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. मग मायनस खांबापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजले. २.७ व्होल्ट! इथे ०.२ च्या वर काही दिसायला नको. सापडला चोर. मग एक टोक खांबावरच ठेवून दुसरे टोक एकेक जोड पुढे सरकवत गेलो. खांब ते क्लँप काही नाही, क्लँप ते केबल काही नाही, केबल ते इंजिनवरचा बोल्ट, इथे पूर्ण २.७. बाहेरून केबल चकचकीत काळी. बोल्टाजवळचे रबर ब्लेडने सोलले तर आत तांब्याच्या जागी हिरवी पूड. नवी केबल तीस-पस्तीस डॉलरला मिळाली. बसवल्यावर इंजिन पहिल्याच झटक्याला फिरले.

हे हिरवे प्रकरण मिशिगनमध्ये इतके का होते, ते इथल्या रस्त्यांवर लिहिलेले आहे. हिवाळाभर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात साधारण साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे, आणि रस्त्यांवर टाकायचे मीठ तिथूनही निघते. तेच मीठ चाकांनी उडून केबलच्या टोकातून आत शिरते आणि तांब्याच्या बारीक तारांमधून वर वर चढत जाते.

पिकअपला या मिठाचा त्रास साध्या मोटारीपेक्षा जास्त का होतो, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या गावाकडच्या वायरमनच्या भाषेत गाडीला 'बॉडी अर्थ' असतो. म्हणजे प्रत्येक दिव्याला प्लसची एक वायर जाते आणि परतीची वाट म्हणून गाडीचे लोखंडच वापरतात. साध्या मोटारीत हे लोखंड म्हणजे एकसंध बॉडी. पिकअपचा मात्र खाली सांगाडा वेगळा आणि वर बसायची केबिन वेगळी, आणि केबिन त्या सांगाड्यावर रबराच्या गाद्यांवर बसवलेली असते. इंजिनसुद्धा रबरावरच. रबरातून वीज जात नाही! म्हणून इंजिन, केबिन आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या लावलेल्या असतात. त्या पट्ट्या तुटल्या की केबिनमधल्या सगळ्या विजेच्या परतीची वाट बंद होते, आणि वीज भलत्याच आडवाटेने घरी जायला बघते.

त्याची लक्षणे मोठी गमतीशीर असतात. आपल्या ट्रकमध्ये हीटरचा पंखा जोरात केला की पेट्रोलचा काटा खाली यायचा. हेडलाइट लावून ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर दिवाळी. कुणीतरी "भूतबाधा" असे निदानही केले होते. आम्ही हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून बॅटरीच्या मायनसपासून केबिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजले. ०.८ व्होल्ट. इंजिनच्या मागे, जिथे केबिनची भिंत सुरू होते, तिथली पट्टी दोन धाग्यांवर लोंबत होती. नवी पट्टी, दोन्हीकडचा रंग आणि गंज घासून उघडे लोखंड, घट्ट बोल्ट, वरून ग्रीस. पंखा वाढवला, काटा हलला नाही.

इथवर पहिला शनिवार संपला. ट्रक सुरू होत होता, पण आम्हाला समाधान नव्हते. कारण एक गोष्ट या दोन्ही दोषांनी उलगडत नव्हती: गॅरेजमधून आणल्यावर दुसऱ्या दिवशी ट्रक चालायचा आणि पुढच्या शनिवारी बॅटरी पूर्ण उतरलेली असायची. खराब केबलने सेल्फ जड होतो, बॅटरी आपोआप रिकामी होत नाही. कुठेतरी गळती होती.

गळती मोजायची रीत अशी. सगळे बंद करून, चावी काढून, बॅटरीची मायनस केबल सोडवायची आणि खांब व केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरच्या खुणेवर ठेवून जोडायचा. लाल वायर मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकात, हे विसरायचे नाही. मीटर जोडलेला असताना चावी फिरवली तर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा. दार उघडे ठेवून काम करायचे असेल तर दाराचे कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने आधीच बंद करून घ्यायचे, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटते. आणि मग थांबायचे. जोडल्याजोडल्या आकडा मोठा दिसतो, कारण गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर जागे होतात. ते पुन्हा झोपायला वीस मिनिटे ते पाऊण तास लागतो. झोपल्यावर आकडा ०.०५ अँपिअरच्या, म्हणजे पन्नास मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. घड्याळ, रिमोटचे कुलूप यांना तेवढे लागतेच.

आमचा चहा झाला, दुसरा चहा झाला, मीटर ०.४२ वर चिकटून बसला. आता हिशेब बघा. ०.४२ गुणिले २४, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर. बॅटरी सत्तरची. शनिवारी दुपारी ट्रक उभा करायचा तो पुढच्या शनिवारी सकाळी हात लावायचा. तोपर्यंत साठ-पासष्ट गेले! रोज चालणाऱ्या गाडीत हीच गळती कुणाला कळलीही नसती, कारण रोज चार्जिंग होऊन भरून निघाली असती. आपला ट्रक आठवड्यातून एकदाच धावतो म्हणूनच तो मरत होता. गॅरेजवाल्यांना सर्वस्वी दोष देण्यातही अर्थ नाही. त्यांच्याकडे गाडी तासभर असते, ते बॅटरी भरून देतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. सहा दिवस वाट बघितल्यावरच दिसणारा आजार तासाभरात दिसायचा कसा?

गळती कुठल्या वाटेने चालली आहे ते शोधायला बहुतेक जण एकेक फ्यूज उपटतात. तसे करू नका. फ्यूज उपटून परत लावला की झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि पुन्हा पाऊण तास. त्यापेक्षा चपट्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, तिथे मीटरची टोके लावून मिलिव्होल्ट मोजायचे. फ्यूजलाही किंचित रोध असतोच, म्हणून त्यातून वीज जात असेल तर एखाद-दोन मिलिव्होल्ट दिसतात. जात नसेल तर शून्य. पुन्हा तोच व्होल्टेज ड्रॉप, फक्त हजारपट लहान. तिसेक फ्यूज दहा मिनिटांत तपासून झाले. ट्रेलरच्या दिव्यांच्या पंधरा अँपिअरच्या फ्यूजवर जवळजवळ दोन मिलिव्होल्ट. ट्रेलर तर जोडलेलाही नव्हता!

ती वायर धरून ट्रकखाली सरपटत गेलो. मागच्या बंपरच्या आत, ट्रेलरच्या दिव्यांसाठी कधीकाळी बसवलेली काडेपेटीएवढी काळी डबी होती. तिला बॅटरीतून कायम वीज. कडेची शिवण फुटून आत खारे पाणी गेलेले, आणि त्या चिखलातून दिवसरात्र ०.४ अँपिअर वाहत होते. डबीचा प्लग काढल्याबरोबर मीटर ०.०२ वर आला. जे हार्नेस बदलायला निघाले होते, त्यातली फक्त ही डबी आणि वीतभर वायर खराब होती. बाकी हार्नेस ठीक आहे याची खात्री आम्ही आणखी एका प्रकारे करून घेतली. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व मोटारी आणि हलक्या ट्रकांना स्टिअरिंगच्या खाली तपासणीचा प्रमाणित प्लग असतो, आणि २००८ पासूनच्या गाड्यांत त्याच्या सहाव्या आणि चौदाव्या पिनवर गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या संभाषणाच्या दोन तारा येतात. तारांच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात. बॅटरी सोडवून त्या दोन पिनांमध्ये मोजले तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक बाजू तुटलेली, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटलेल्या. आमचे ६० आले. आधी दिसलेले डझनभर एरर कोड (त्यात पी०५६२, म्हणजे "व्होल्टेज कमी", हाही होता) पुसले, ते परत आले नाहीत. उपाशी कॉम्प्युटर काहीबाही बरळतो. म्हणून कोड वाचून पार्ट मागवण्याआधी बॅटरी मोजावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्रेलरबद्दल थोडे, कारण गणपतीच्या आदल्या रात्री आम्हाला सर्वांत जास्त फोन याचेच येतात. चार वायरींच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी परतीची, तपकिरी मागच्या लाल दिव्यांची, पिवळी डाव्या इंडिकेटर-ब्रेकची, हिरवी उजव्या इंडिकेटर-ब्रेकची. डावा इंडिकेटर दिला आणि ट्रेलरचे सगळेच दिवे मंद लुकलुकायला लागले, तर बल्ब बदलत बसू नका. पांढरी वायर बघा. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात आणि दोघींची परतीची वाट एक. ती वाट तुटली की डाव्या इंडिकेटरची वीज शेजारच्या तारेतून उलटी तपकिरी वायरमध्ये घुसते आणि दुसऱ्या दिव्यांतून वाट काढते. कधी कधी ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर टेकतो त्यातून परतीची वाट मिळते, म्हणून पार्किंगमध्ये सगळे छान चालते आणि हायवेवर धक्का बसला की दिवे जातात. पांढरी वायर ट्रेलरच्या सांगाड्याला उघड्या लोखंडावर बोल्टने पक्की करा. दहापैकी आठ वेळा तेवढ्यावर भागते, निदान आमच्या ट्रेलरचा तरी तसा इतिहास आहे.

दुरुस्ती कशी करायची हेही तितकेच महत्त्वाचे. वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी चिकटपट्टी, ही आपली जुनी सवय घरच्या इस्त्रीला चालून गेली असेल. मिठाच्या पाण्यात ती एक हिवाळा टिकत नाही. वायरला चिमटा मारून दुसरी वायर जोडणारे झटपट जोड मिळतात, ते तर वायरचे आवरण फोडून पाण्याला दारच उघडून देतात. आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी घालून, नीट दाबून बसवलेला जोड वापरा. फ्यूज उडाला तर त्याच रंगाचा लावा: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. पुन्हा उडाला तर मोठा लावू नका, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती गालिच्याखाली जळते. पिवळ्या रंगाच्या प्लगना टेस्ट लँप लावू नका. तो सहसा एअरबॅगचा असतो, तिथे शहाण्या मेकॅनिककडेच जावे. बॅटरीवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसून निघून जाते.

आणि थंडी. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, बॅटरीची ताकद उन्हाळ्यातल्या निम्म्याहूनही खाली येते, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेले ऑइल इंजिनाला जड करते. बॅटरीवर जो सीसीए आकडा छापलेला असतो तो याच तापमानाचा: तीस सेकंद तेवढे अँपिअर देऊन ७.२ व्होल्टच्या खाली जाणार नाही, असे ते वचन. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे सात सेल्सिअसच्या आसपास चक्क गोठू शकते. भरलेली तितक्यात गोठत नाही. फुगलेली, गोठलेली बॅटरी जंप देऊन सुरू करायला जाऊ नका, ती फुटू शकते. एरवी जंप देताना शेवटचा काळा चिमटा बॅटरीला न लावता दूर इंजिनच्या उघड्या धातूला लावा, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडते.

आता हिशेब, ज्यासाठी हा लेख मागितला गेला. दोन शनिवारांत केबल, पट्टी, नवी डबी, जोड आणि नळ्या मिळून शंभर डॉलरच्या आत काम झाले. पावत्या खजिनदारांकडे आहेत. एप्रिल २०२४ पासून विजेच्या कारणाने ट्रकची एकही फेरी चुकलेली नाही. मात्र जानेवारी २०२४ मध्ये घातलेली ती बॅटरी मार्चपर्यंत अनेकदा पूर्ण रिकामी झाली होती, आणि असे झाले की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात, ते नंतरच्या चार्जिंगने पूर्ण जात नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये तिची पार्ट्सच्या दुकानात फुकट तपासणी करून घेतली. लेबलवर ६५० सीसीए, मशीनवर ४१०. बारा आठवड्यांच्या गळतीची ही शेवटची थकबाकी. तेव्हा शेवटच्या पानावरच्या देणगीच्या तक्त्यात 'ट्रक: बॅटरी' असा जो रकाना दिसेल तो आम्हीच घालायला सांगितला आहे. या वेळी मोजून मागतो आहोत. ज्यांना स्वतः आकडे बघायचे असतील त्यांनी कुठल्याही शनिवारी सकाळी साडेसातला यावे. मीटर ट्रकच्या ग्लव्ह बॉक्समध्येच असतो.